'आउटरँक' म्हणजे मात करणं नव्हे

अनुवादिका

नमस्कार मंडळी. गेले चार दिवस एक इंग्रजी क्रियापद डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय.

सध्या एका कादंबरीचा अनुवाद हातात आहे. त्यात लष्करी छावणीतला एक प्रसंग आहे. तंबूत दोन अधिकारी समोरासमोर उभे आहेत आणि दोघांचाही हुद्दा कॅप्टन. तो आवाज चढवून हुकूम सोडतो. ती काहीच बोलत नाही, फक्त आपल्या बाहीवरच्या चार पट्ट्यांकडे बघते. त्याचीही नजर तिकडे जाते आणि तो सलाम ठोकतो. पुढचं वाक्य असं आहे: 'दे वेअर बोथ कॅप्टन्स, बट शी आउटरँक्ड हिम.'

मी केलेलं भाषांतर: 'दोघेही कॅप्टन होते, पण हुद्द्याने ती त्याच्याहून मोठी होती.'

संपादनातून परत आलेलं वाक्य: 'दोघेही कॅप्टन होते, पण तिने त्याच्यावर मात केली.'

फोनवर विचारलं तर उत्तर मिळालं, 'अहो, हुद्दा एकच म्हणता, मग हुद्द्याने मोठी कशी? तिने त्याला गप्प केलं, म्हणजे मातच झाली ना!' खरं सांगते, त्या क्षणी मला उत्तर देता आलं नाही. शंका रास्त होती. पण मन मानत नाही. तिने त्या तंबूत काहीही केलेलं नाही. ती तंबूत शिरण्याआधीही त्याच्या वरच होती, झोपेत असती तरी वरच राहिली असती. 'आउटरँक' हे मला 'असण्याचं' क्रियापद वाटतं, 'करण्याचं' नाही. आपण मात्र इंग्रजी क्रियापद उचललं की त्याला 'करणे' जोडतो. 'तिने त्याला आउटरँक केलं' असं म्हटलं की लगेच काहीतरी घडल्यासारखं वाटतं.

माझं कुठे चुकतंय का? आणि एकच हुद्दा असलेल्या दोघांत एक वरचा, हे नक्की कसं?

---

जुनाशिपाई

ताई, तुमचं काहीच चुकलेलं नाही. त्या चार पट्ट्यांतच सगळं उत्तर आहे. ती नौदलातली आहे आणि तो भूदलातला.

'कॅप्टन' हा शब्द दोन्हीकडे आहे, पायरी मात्र वेगळी. भूदलातला कॅप्टन म्हणजे तसा तरुण अधिकारी. त्याच्या वर मेजर, मग लेफ्टनंट कर्नल, मग कर्नल. नौदलातला कॅप्टन या कर्नलच्या बरोबरीचा. नाटोच्या तक्त्यात भूदलाचा कॅप्टन 'ओएफ-२' आणि नौदलाचा 'ओएफ-५'. अमेरिकेत हेच 'ओ-३' आणि 'ओ-६'. म्हणजे तुमची नायिका त्या बिचाऱ्याच्या तब्बल तीन पायऱ्या वर आहे. बाहीवर चार पट्ट्या ही बहुतेक नौदलांत कॅप्टनचीच खूण. लेखकाने अभ्यास करून लिहिलंय.

तेव्हा संपादकांना सांगा, हुद्द्याचं *नाव* एक आहे, हुद्दा एक नाही.

या नावांनी भलेभले फसतात. आणखी एक उदाहरण देतो. लेफ्टनंटपेक्षा मेजर वरचा, हे सगळ्यांना ठाऊक. मग लेफ्टनंट जनरल आणि मेजर जनरल यांत वरचा कोण? मेजर जनरल म्हणाल तर चुकाल, लेफ्टनंट जनरल वरचा. कारण जुनं आहे. मेजर जनरल हे मुळात 'सार्जंट मेजर जनरल' होतं. पुढे त्यातला सार्जंट गळून गेला आणि मेजर तेवढा राहिला. लेफ्टनंट म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा, आपल्याकडचा 'नायब' म्हणा. जनरलचा नायब तो लेफ्टनंट जनरल, म्हणून तो जनरलच्या लगेच खाली. सार्जंट मेजर जनरल त्याच्याही खाली.

---

व्याकरणप्रेमी

उत्तम धागा. 'असण्याचं क्रियापद' हे अगदी नेमकं बोललात. इंग्रजी व्याकरणात अशा क्रियापदांना स्थितिवाचक म्हणतात. 'नो', 'ओन', 'बिलाँग' यांच्या पंक्तीतलं हे क्रियापद. म्हणून 'शी आउटरँक्स हिम' हे सरळ वाक्य, पण लष्करी अर्थाने 'शी इज आउटरँकिंग हिम' म्हटलं तर इंग्रजी कानाला खटकतं. या क्षणी, आत्ता, चालू आहे असं त्यात काही नाही.

आता त्या 'आउट'बद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. हा उपसर्ग दोन कामं करतो. 'आउटपुट', 'आउटलेट', 'आउटकास्ट' यांत त्याचा अर्थ बाहेर. 'आउटलिव्ह', 'आउटरन', 'आउटनंबर', 'आउटग्रो', 'आउटवेट' यांत अर्थ अधिक, पुढे, पलीकडे. उच्चारात फरक कानाने ओळखता येतो. 'आउटपुट' म्हणताना जोर आउटवर पडतो. 'आउटरँक' म्हणताना रँकवर.

दुसऱ्या गटातलं 'आउट' आणखी एक काम करतं आणि ते मला फार सुंदर वाटतं. ते तुलना थेट क्रियापदाच्या पोटात घालतं. 'लिव्ह' अकर्मक आहे, माणूस नुसता जगतो. 'आउटलिव्ह' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणापेक्षा जास्त जगला? आणि तो 'कोण' थेट कर्म होऊन बसतो. 'रँक'चंही तसंच. 'शी रँक्स अबव्ह हिम' यात 'अबव्ह' लागतं. 'आउटरँक' म्हटलं की ते 'अबव्ह' क्रियापदानेच गिळलेलं असतं. मराठीत तुलना दाखवायला 'पेक्षा', 'हून' असे वेगळे प्रत्यय लागतात. म्हणून या गटातलं क्रियापद मराठीत एका शब्दात क्वचितच उतरतं. अनुवादिकाताईंना 'त्याच्याहून मोठी होती' असं तीन शब्दांत जावं लागलं, ते त्यामुळेच.

---

नवशिकी

व्याकरणप्रेमी सर, आता समजलं! मी परीक्षेत 'द कर्नल आउटरँक्स ओव्हर द मेजर' लिहिलं होतं आणि गुण कापले गेले. का कापले ते कोणी सांगितलं नव्हतं. मनात 'मेजरपेक्षा' होतं, म्हणून काहीतरी जोडावंसं वाटलं. मैत्रिणीने तर 'आउटरँक्स दॅन' लिहिलं होतं.

मग कर्मणी करता येतं का? 'ही इज आउटरँक्ड बाय हर'?

---

व्याकरणप्रेमी

हो, छान करता येतं आणि वापरातही भरपूर आहे. 'बाय' लागतं ते फक्त तिथेच. कर्तरी रचनेत क्रियापदाच्या मागोमाग थेट माणूस, मध्ये काही नाही. मनातल्या 'पेक्षा'मुळे ती चूक होणं स्वाभाविक आहे, आपली भाषाच आपल्याला तिकडे ओढते. 'आउटनंबर', 'आउटलिव्ह' लिहितानाही हेच सांभाळा.

---

चौकटराणी

लष्कर सोडून पत्त्यांकडे येऊ का? माझ्या मते या क्रियापदाचा सगळ्यात स्वच्छ वापर तिथे दिसतो.

पोकरमध्ये 'अ फ्लश आउटरँक्स अ स्ट्रेट'. फ्लश म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते, स्ट्रेट म्हणजे ओळीने पाच. फ्लश वर का? ५२ पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात निघतात. त्यांत साधे स्ट्रेट १०,२०० आणि साधे फ्लश ५,१०८. जे दुर्मीळ ते वर. फुल हाउस (एका किमतीचे तीन आणि दुसऱ्या किमतीचे दोन पत्ते) त्याहून दुर्मीळ, ३,७४४, म्हणून ते फ्लशच्याही वर. आता बघा, हे सगळं पत्ते पिसण्याआधीच ठरलेलं आहे. कोणी खेळायला बसलं नाही तरी फ्लश स्ट्रेटच्या वरच.

प्रत्यक्ष डावात पत्ते उघडले आणि माझ्या फ्लशने समोरच्याचा स्ट्रेट हरवला, की तिथे 'बीट' येतं. 'बीट' घडतं, 'आउटरँक' असतं. संपादकांची 'मात' ही 'बीट'ची मराठी झाली.

ब्रिजमध्येही तेच. किलवर सगळ्यात खाली, मग चौकट, बदाम, इस्पिक आणि सगळ्यांच्या वर नोट्रंप, म्हणजे हुकमाशिवायची बोली. एक बदामावर एक इस्पिक बोलता येतं, उलट नाही, कारण इस्पिक बदामाला आउटरँक करतं. (लिहिताना मीही 'करतं' लिहिलं. सवय जात नाही.) हुकमाचं प्रकरण मात्र निराळं. हुकमाचा रंग बाकीच्या तिन्हींच्या वर असतो आणि त्याची दुर्रीसुद्धा परक्या एक्क्याला कापते, पण ते मोठेपण त्या डावापुरतं. पुढच्या डावात हुकूम बदलला की ती दुर्री पुन्हा दुर्री. इंग्रजीत 'ट्रंप' हे क्रियापद त्यावरूनच आलंय. एखादं कारण ऐन वेळी बाकी सगळ्यांवर भारी पडलं तर 'ट्रंप्स'. कायमच्या उतरंडीला 'आउटरँक्स'.

---

शोधयंत्र

धाग्यातली चर्चा आवडली, पण मूळ मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही. माझं काम संकेतस्थळं गूगलच्या शोधात वर आणण्याचं. आमच्या व्यवसायात हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो आणि तो 'करण्याचाच' असतो. 'वी आर आउटरँकिंग देम धिस वीक' हे आमच्याकडे रोजचं वाक्य आहे, कुणालाही खटकत नाही. 'हाउ टु आउटरँक युअर कॉम्पिटिटर' अशा नावाचे लेख ढिगाने मिळतील. आउटरँक करण्यासाठी रात्री जागाव्या लागतात. मजकूर नव्याने लिहायचा, पान लवकर उघडेल असं बघायचं, दुसऱ्यांनी आपला दुवा द्यावा यासाठी धडपडायचं. तिसऱ्या क्रमांकावरून पहिल्यावर आलो की प्रतिस्पर्ध्याला मागे टाकलं, असंच आम्ही मराठीतही म्हणतो.

खेळातल्या जागतिक क्रमवारीतही क्रमांक मेहनतीने मिळवावाच लागतो.

---

अनुवादिका

शोधयंत्र, हे मला सुचलंच नव्हतं आणि तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी सरसकट 'असण्याचं क्रियापद' म्हणाले, ते लष्करापुरतं आणि पत्त्यांपुरतं खरं. जिथे क्रम दर तासाला हलतो तिथे वर असणं आणि वर येणं यांतली भिंतच पातळ होते. तुमच्या वाक्यात 'मागे टाकणे' चपखल बसतं. तिथे 'हुद्द्याने मोठे' म्हटलं तर हास्यास्पद होईल.

खेळाडूंबद्दल मात्र जरा थांबते. क्रमवारीत पाचवी असलेली खेळाडू विसाव्या खेळाडूकडून हरली, तर त्या संध्याकाळी मात कोणी केली? विसावीने. आणि सामना सुरू होताना आउटरँक कोण करत होतं? पाचवी. एकाच सामन्यात 'मात' एकीची आणि 'वरचा क्रम' दुसरीचा. म्हणजे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, हे या उदाहरणावरून मला जास्तच स्पष्ट दिसतंय. उद्या संपादकांना हेच सांगणार आहे.

---

इतिहासवेडा

'काहीही न करता वर असणं' याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ साली वारले तेव्हा सैन्यातला त्यांचा हुद्दा होता लेफ्टनंट जनरल, १७९८ साली मिळालेला. पुढे अमेरिकी सैन्य वाढलं, चार ताऱ्यांचे जनरल झाले, दुसऱ्या महायुद्धात पाच ताऱ्यांचेही झाले. म्हणजे कागदोपत्री हे सगळे अधिकारी देशाच्या पहिल्या सेनापतीला आउटरँक करू लागले. अमेरिकेच्या काँग्रेसला हे बोचलं. स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९७६ साली, त्यांनी कायदा करून वॉशिंग्टनना 'जनरल ऑफ द आर्मीज' हा हुद्दा दिला, ४ जुलै १९७६ पासून लागू. सैन्यातल्या भूतकाळातल्या आणि वर्तमानातल्या सगळ्या हुद्द्यांच्या वर त्याचं स्थान राहील, असं त्यात स्पष्ट लिहिलं.

मृत्यूनंतर १७६ वर्षांनी एक माणूस सगळ्यांच्या वर गेला. त्याने कोणावरही मात केलेली नाही.

---

अनुवादिका

इतिहासवेडा, अंगावर काटा आला वाचून. मनापासून आभार.

---

डॉक्टरीण

एक बाजू अजून आली नाही, ती मांडते. आउटरँक म्हणजे 'साहेब असणं' नव्हे.

अतिदक्षता विभागात रुग्णाचं हृदय बंद पडलं की एक जण पथकप्रमुख ठरतो. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहतो, स्वतः छाती दाबत नाही, सगळ्यांवर नजर ठेवतो आणि सूचना देतो. एका रात्री ती जबाबदारी माझ्याकडे होती आणि माझ्याहून कितीतरी वरिष्ठ डॉक्टर मागाहून आत आले. त्यांनी विचारलं, 'मी काय करू?' मी म्हटलं, 'सर, श्वासनलिका सांभाळा.' ते मुकाट्याने रुग्णाच्या डोक्याशी गेले. त्या पंधरा मिनिटांत ते मला आउटरँक करतच होते, त्यांचं पद कुठे गेलं नव्हतं. पण हुकूम माझा चालत होता. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या रात्री फार वाढला.

मराठीत हा फरक एका प्रत्ययावर दाखवता येतो, हे मला नेहमी जाणवतं. 'ते माझे वरिष्ठ आहेत' म्हटलं की मी त्यांच्या हाताखाली काम करते असा अर्थ होतो. 'ते माझ्याहून वरिष्ठ आहेत' म्हटलं की फक्त पायरी वरची, मग विभाग वेगळा असेना का. आउटरँक म्हणजे हे दुसरं.

---

व्याकरणप्रेमी

डॉक्टरीणबाई, तुमच्या या दोन वाक्यांनी माझं पानभर व्याकरण वाचवलं. 'माझे' आणि 'माझ्याहून' हे मी वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरतो.

यालाच जोडून. वरिष्ठ, ज्येष्ठ, श्रेष्ठ, कनिष्ठ हे सगळे संस्कृत 'इष्ठ' प्रत्ययाचे शब्द, मुळात 'सगळ्यांत' असा अर्थ असलेले. ज्येष्ठ म्हणजे सगळ्यांत थोरला. मराठीने त्यांना खाली उतरवून दोघांतल्या तुलनेला जुंपलं, म्हणून 'माझ्याहून ज्येष्ठ' आपल्या कानाला मुळीच खटकत नाही. कार्यालयीन मराठीत 'सेवाज्येष्ठ' हा शब्द आहे, पण तो वर्षं मोजतो, पायरी नाही. सेवाज्येष्ठ कारकून नव्या अधिकाऱ्याला आउटरँक करत नाही. 'वरचढ' सुचेल काहींना, पण त्यात कुरघोडीचा वास आहे. मी तो टाळेन.

---

जुनाशिपाई

सेवाज्येष्ठतेचा उल्लेख आला म्हणून. सैन्यात पायरी सारखीच असेल, तर जो आधी त्या पायरीवर चढला तो ज्येष्ठ. दोन मेजर एकत्र आले तर बढतीची तारीख बघतात. म्हणजे पायरी आणि वर्षं दोन्हींचा हिशोब होतो, पण आधी पायरी, मग तारीख.

आणि डॉक्टरीणबाईंच्या मुद्द्याला माझा सलाम. आमच्याकडेही वैद्यकीय शाखेचा कर्नल लढणाऱ्या तुकडीच्या मेजरला आउटरँक करतो, पण तुकडी कुठे न्यायची हे त्याला सांगत नाही. जो अशा वेळी खांद्यावरचे तारे दाखवून आपलं घोडं दामटतो, त्याच्या वागण्याला इंग्रजीत वेगळा शब्दप्रयोग आहे, 'पुल रँक'. तारे असणं वेगळं आणि ते दाखवून काम करून घेणं वेगळं.

---

नवशिकी

'रँक'चा मूळ अर्थ काय? बुद्धिबळाच्या इंग्रजी पुस्तकात आडव्या ओळीला 'रँक' म्हटलंय. तिथे तर वर-खाली काही नसतं.

---

व्याकरणप्रेमी

फार चांगला प्रश्न. मुळात रँक म्हणजे ओळच. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, त्यामागे जर्मानिक मूळ आहे, 'रिंग'शी नातं सांगणारं. सैनिक खांद्याला खांदा लावून उभे राहिले की 'रँक', एकामागे एक उभे राहिले की 'फाइल'. पटावरच्या आठ आडव्या पट्ट्या रँक, आठ उभ्या फाइल. 'रँक अँड फाइल' म्हणजे सामान्य शिपाई, ते त्यावरूनच. कोण कोणत्या ओळीत उभा, यावरून पुढे दर्जाचा अर्थ आला.

आपल्या 'श्रेणी'चा प्रवास हुबेहूब असाच आहे. संस्कृतात श्रेणी म्हणजे रांग, ओळ. आज आपण 'प्रथम श्रेणी', 'वरिष्ठ श्रेणी' म्हणतो तेव्हा रांग आठवतसुद्धा नाही. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेने गेल्या.

(उग्र वासाला इंग्रजीत 'रँक' म्हणतात तो शब्द वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.)

---

चौकटराणी

'सुपरसीड' आणि 'आउटरँक' यांतही लोक गोंधळतात, तेवढं लिहून जाते. नवा नियम जुन्याला सुपरसीड करतो म्हणजे त्याची जागा घेतो, जुना संपतो. आउटरँकमध्ये खालचा तिथेच असतो, फक्त खाली.

---

अनुवादिका

आज संपादकांशी बोलले. जुनाशिपाईंचा तक्ता, पाचवी आणि विसावी खेळाडू, 'माझे' आणि 'माझ्याहून', सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग अगदी योग्य प्रश्न विचारला: 'हे वाचकाला कसं कळणार? त्याला पट्ट्या माहीत नाहीत.' माझ्या पहिल्या वाक्यात हीच उणीव होती. 'हुद्द्याने मोठी' बरोबर असूनही कोड्यासारखं वाटत होतं, कारण कारण कुठेच नव्हतं. इंग्रजी वाचकालाही ते कदाचित पट्ट्यांवरूनच ओळखावं लागत असेल, पण मराठीत चार शब्द जास्त खर्च करायला आम्ही दोघंही तयार झालो.

'मात' गेली. छापायला गेलेलं वाक्य असं:

'कॅप्टन दोघेही होते. पण ती नौदलातली कॅप्टन, हुद्द्याने त्याच्याहून तीन पायऱ्या वर.'

आणि हो, सतराव्या प्रकरणात तोच माणूस एका पोरसवदा शिपायावर 'पुल्स रँक'. तिथे मी 'हुद्द्याचा धाक दाखवतो' लिहिलंय. जुनाशिपाई, चालेल ना?

---

जुनाशिपाई

चालेल. 'धाक'च ठेवा.